डी-थ्री ९, बी-ट्वेल्व्ह १६८ आणि अंग ठणकतंय: खाण्यापिण्याने जुनं दुखणं खरंच कमी झालंय का कुणाचं?

रानजाई · ३ जून

नमस्कार मंडळी. तीन वर्षं झाली, कंबर आणि मांड्या दुखतात. पडले नाही, आपटले नाही. आधी वाटलं बैठं काम आहे म्हणून असेल. गादी बदलली, खुर्ची बदलली, एक डॉक्टरही बदलून झाला. एमआरआयमध्ये 'वयानुसार झीज' असं आलं. वय ४६. ते वाचून जास्त दुखलं.

मांडी घालून जेवायला बसले की उठताना भिंत धरावी लागते. जिना चढताना कठड्याला लोंबकळत चढते. लेक म्हणते, आई तू आजीपेक्षा आजी झालीस.

नव्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. जीवनसत्त्व डी-थ्री ९, बी-ट्वेल्व्ह १६८, दोन्ही फार कमी. सॅशे आणि इंजेक्शनं सुरू झालीत, ती मी घेणारच आहे. पण बातमी फुटली आणि घरात सल्लागार मंडळ बसलं. नणंद म्हणते मॅग्नेशियम घे. शेजारच्या काकू हळदीच्या कॅप्सूल देऊन गेल्या. आईने जूनच्या उकाड्यात डिंकाचे लाडू पाठवलेत.

तर प्रश्न असा: तुमच्यापैकी कुणाचं जुनं दुखणं आहारातल्या बदलाने किंवा अशा गोळ्यांनी खरोखर कमी झालं का? किती दिवसांनी? आणि काय फुकट गेलं? शाकाहारी आहे, अंडं चालतं.

सदूभाऊ · ३ जून

डिंकाचे लाडू इकडे पाठवा. माझं काही दुखत नाही, पण दुखेल.

कडीपत्ता · ३ जून

माझं झालंय कमी, म्हणून लिहिते. मला पाठ नव्हती, तळपाय होते. रात्री गादीवर आडवी झाले की तळव्यांची आग आग. फरशीवर पाय टेकवून बसायचे. बोटांना मुंग्या. कुणी 'उष्णता' म्हणालं, सब्जा प्यायला लावलं. वर्षभर सब्जा प्यायले. बी-ट्वेल्व्ह निघालं १३०.

इंजेक्शनांनी पहिले तीन आठवडे काही फरक नाही, उलट मुंग्या वाढल्यासारख्या वाटल्या. मग दीड महिन्यानंतर एका रात्री लक्षात आलं की आपण फरशीवर न जाता झोपलो. पूर्ण आग जायला सहा महिने लागले. उजव्या अंगठ्याचा बधिरपणा अजून आहे, तो बहुतेक राहणारच. डॉक्टर म्हणाले, नसेला इजा होऊन फार दिवस गेले की ती पूर्ण भरून येईलच असं नाही. त्यामुळे सब्जाचा राग आहे माझा.

टकाटक · ३ जून

आंबवलेल्या पदार्थांत बी-ट्वेल्व्ह असतं ना? इडली, डोसा, ढोकळा. आमच्याकडे रोज असतं काहीतरी.

औषधवाला · ४ जून

@टकाटक, इडलीच्या भरवशावर राहू नका. ३४ वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभा होतो, इडली खाणारे आणि बी-ट्वेल्व्ह १५० असलेले किती पाहिले त्याची मोजदाद नाही. हे जीवनसत्त्व बनवतात जिवाणू, आपल्यापर्यंत येतं ते मांस, मासे, अंडी, दूध यांतून. दुधात १०० मिलीला अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आतबाहेर. रोजची गरज साधारण २.२ मायक्रोग्रॅम. म्हणजे अर्धा लिटर दूध पोटात गेलं पाहिजे, चहातल्या चमचाभराने भागत नाही. आणि ज्यांचं १६८ वर आलंय त्यांनी दुधाने भरून काढायचा नाद करू नये, आधी औषधाने भरा, मग दुधाने राखा.

दोन गोष्टी घरच्यांच्या गोळ्यांच्या डब्यात बघा. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-ट्वेल्व्ह उतरतं. ॲसिडिटीची पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल लोक चणे-फुटाण्यासारखी खातात, तिनेही उतरतं. मधुमेह्याच्या पायांना मुंग्या आल्या की सगळे साखरेला दोष देतात, ट्वेल्व्ह कुणी तपासत नाही. मात्र मेटफॉर्मिन स्वतःच्या मनाने बंद करू नका, तपासणी करून घ्या.

आणि 'नसांची गोळी' म्हणून जी मिळते तिच्यात बहुधा बी-सिक्सही असतं. ते जास्त मात्रेत फार दिवस घेतलं तर त्यानेच मुंग्या येतात. मुंग्यांसाठी गोळी, गोळीमुळे मुंग्या, म्हणून आणखी एक गोळी. असं एक गिऱ्हाईक होतं माझं. गोळी बंद करा सांगितलं तर दुसऱ्या दुकानात जायला लागले.

फिजिओताई · ४ जून

रानजाई, तुमच्या पोस्टमधली भिंत आणि कठडा ही दोन वाक्यं मला एमआरआयपेक्षा महत्त्वाची वाटली. खालून उठता न येणं, जिना जड जाणं म्हणजे मांड्यांचे नि कमरेचे स्नायू कमजोर. डी फार कमी असेल तर हाडांत चुना नीट बसत नाही, हाड मऊ पडतं, आणि ठणका कंबर, मांड्या, बरगड्या असा पसरतो. नडगीवर अंगठ्याने दाबलं तर दुखतं का, बघा. या प्रकारचं दुखणं डी भरल्यावर कमी होतं, मी पेशंटमध्ये पाहिलंय. पण आठ आठवड्यांत नाचायला लागाल असं नाही. पाच-सहा महिने धरून चाला. आणि सोबत हलकं बळ वाढवायचे व्यायाम हवेतच, सॅशे मांडीचा स्नायू बांधून देत नाही.

रानजाई · ४ जून

@फिजिओताई, आत्ता दाबून बघितलं. आई गं.

अवली · ४ जून

इतकं सोपं नसतं हो. माझे गुडघे गेली सहा वर्षं. डी १८ होतं, भरून ४० केलं. गुडघे होते तिथेच. मग कुणी सांगितलं म्हणून ग्लुकोसामिन, सांध्यांसाठी म्हणून विकतात त्या गोळ्या, महिना बाराशे रुपये, सव्वा वर्ष. शून्य. हे सगळं 'काहीतरी घेतोय' या समाधानाचं दुकान आहे.

ओटावाकर · ४ जून

@अवली, तुमचा अनुभव पुस्तकाबाहेरचा नाही. गुडघ्याची झीज असलेल्या दीड हजारांवर लोकांवर अमेरिकेत ग्लुकोसामिन-कॉन्ड्रॉइटिनची मोठी चाचणी झाली, २००६ साली निकाल आला. एकूण गटात खोट्या गोळीपेक्षा फारसा फरक नव्हता. झिजलेल्या गुडघ्यांसाठी डी दोन वर्षं देऊन पाहिल्याचा निकाल २०१३ चा, तिथेही वेदनेत फरक नाही.

पण यावरून रानजाईंचं डी फुकट जाणार असं निघत नाही. त्यांचं ९ आहे आणि लक्षणं हाड मऊ झाल्याची आहेत. तुमची कूर्चा झिजलीय. टाकी रिकामी असेल तर पाणी भरून उपयोग. नळच गळत असेल तर टाकी काठोकाठ भरून काय होणार?

अवली · ४ जून

नळ माझा आणि प्लंबर तुम्ही. छान.

(पटलं. पण बाराशे गुणिले पंधराचा हिशोब मनातून जात नाही.)

चकलीचा_सोऱ्या · ५ जून

ग्लुकोसामिन बहुतेक कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढतात, हे अवलीताईंना माहीत आहे का? आमच्या आत्याबाईंनी अख्खा श्रावण त्या गोळ्या घेतल्या. कांदा-लसूणही वर्ज्य होता तेव्हा. आम्ही अजून सांगितलेलं नाही.

सदूभाऊ · ५ जून

सांगूही नका. आणि डी-थ्री बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून करतात, तेही सांगू नका.

नानानागपूरकर · ५ जून

अरे काय लावलंय. सकाळचं कोवळं ऊन अंगावर घ्या, सातला, गच्चीवर, तीळतेल लावून. आमच्या आजोबांना सॅशे माहीत नव्हता, नव्वदाव्या वर्षी विहिरीवरून पाणी आणत.

ओटावाकर · ५ जून

नाना, आजोबांना नमस्कार. पण ते सातच्या उन्हाने नव्हे, दिवसभर वावरात उघड्या पाठीने राबून कमावलेलं डी होतं. त्वचेत डी बनवणारे किरण सकाळी सातला वातावरणातच अडकतात. सोपी खूण: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते ऊन कामाचं. काचेमागे बसून काही उपयोग नाही. आमच्याकडे कॅनडात हिवाळ्यात दुपारीही सावली लांबच असते, म्हणून इथे दुधातच डी घालून देतात.

नानानागपूरकर · ५ जून

नागपुरात मे महिन्यात दुपारी बारा वाजता सावली मोजायला या. चहा माझ्याकडून, सलाईन तुमच्याकडून.

मधुमालती · ६ जून

सॅशेचा विषय निघालाय म्हणून आमच्या घरी घडलेलं सांगते, कुणाचं तरी वाचेल. सासूबाईंना ६०,००० युनिटचा सॅशे आठवड्यातून एक असा लिहून दिला होता. चिठ्ठीवर अक्षर कसंबसं. मी रोज एक समजले. दुधात घालून रोज देत होते, वर 'आई, घ्या हो, हाडांसाठी चांगलं' असा आग्रह. दोन महिने.

आधी जेवण कमी झालं. मग बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी. मग उलट्या. एके दिवशी मला ओळखेनात. रक्तातलं कॅल्शियम १३ च्या वर होतं, डी १५० च्या पुढे. पाच दिवस दवाखान्यात, सलाईनवर सलाईन. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम बिघडलं की रक्तात वाढतं ते) खाली यायला तीन महिने लागले. सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाटतं. आता आमच्या कॅलेंडरवर रविवारी 'सॅशे' लिहिलेलं असतं, आणि दिलं की खोडायचं.

रानजाई · ६ जून

मधुमालती, वाचून काटा आला. कॅलेंडरवर आत्ताच लिहिलं. बुधवार.

औषधवाला · ६ जून

असं बरेचदा होतं, लोकांना वाटतं त्याहून जास्त. डी चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. काहींना शिवाय कुणीतरी दंडात सहा लाखांचं इंजेक्शनही दिलेलं असतं आणि त्याचा उल्लेख चिठ्ठीत नसतो. डॉक्टर बदलताना मागची सगळी औषधं सांगा.

शुक्रतारा · ७ जून

नणंदेच्या मॅग्नेशियमबद्दल कुणी बोललं नाही. मला अर्धशिशी. महिन्याला आठ-नऊ वेळा, अंधाऱ्या खोलीत उलटीचं भांडं घेऊन. न्यूरोलॉजिस्टनी मॅग्नेशियम आणि रायबोफ्लेविन म्हणजे बी-टू, रोज ४०० मिग्रॅ, दोन्ही सुरू केलं. तीन महिन्यांआधी निकाल विचारू नका म्हणाले. चौथ्या महिन्यात चारवर आलं. बंद नाही झालं, चारवर आलं. अमेरिकेतल्या मेंदुविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत दोन्ही 'बहुधा उपयोगी' या वर्गात होती, म्हणजे हवेतलं नाही.

सूचना १: बी-टूने लघवी हळदीसारखी पिवळीधमक होते, घाबरू नका. सूचना २: मॅग्नेशियम ऑक्साइडने जुलाब होतात. पहिल्या आठवड्यात मी ऑफिसात कमी आणि इतरत्र जास्त होते.

टकाटक · ७ जून

मग पोटरीत गोळे येतात त्याला पण मॅग्नेशियम चालेल ना? सगळे तेच सांगतात.

ओटावाकर · ७ जून

सगळे सांगतात, पण रात्री गोळे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर फायदा जवळजवळ दिसत नाही. गर्भारपणातलं चित्र अजून धूसर आहे. अर्धशिशीला चालतं म्हणून पोटरीला चालेल असं नाही. आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर मॅग्नेशियमला हात लावू नका, ते साठून राहतं.

कडीपत्ता · ७ जून

@टकाटक, गोळे येतात की पाय हलवत राहावंसं वाटतं? दोन्ही वेगळं. माझ्या वहिनीला अंथरुणात पाय स्वस्थ ठेवता यायचे नाहीत, दादा म्हणायचा सायकल चालवते. हिमोग्लोबिन ठीकठाक, पण फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, ११. म्हणजे बाजारात पैसा खेळतोय आणि तिजोरीत खडखडाट. लोहाने चार महिन्यांत सायकल थांबली. अट एकच होती: गोळीबरोबर चहा नाही, लिंबू चालेल. वहिनी कोल्हापूरची, चहा लांबवणं हीच खरी शिक्षा.

बोरवेल · ९ जून

सगळे काय कमी आहे ते मोजताय. एक खनिज जास्त झाल्याने दुखतं, ते कुणी बोललं नाही म्हणून पहिल्यांदाच लिहितोय.

गाव किनवट तालुक्यात. माझ्या मोठ्या काकांची मान वळत नसे. कुणी हाक मारली की अख्खा माणूस वळायचा, बैल वळतो तसा. कंबर वाकलेली, कोपर सरळ होत नाही. वय पन्नाशीचं. गावात म्हणायचे वात आहे. वाताची तेलं, वाताचे काढे, नांदेडला जाऊन संधिवाताच्या गोळ्या. दहा वर्षं हेच. मग एका तरुण डॉक्टरने कोपरापासून मनगटापर्यंत एक्स-रे काढला. हाड नेहमीपेक्षा पांढरंशुभ्र, आणि हाताच्या दोन हाडांमधल्या पडद्यातही चुना धरलेला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पाणी कुठलं पिता?

बोअरचं. गावात खोल बोअर आली तेव्हा आम्ही नारळ फोडला होता. त्या पाण्यात फ्लोराइड. मर्यादा लिटरला १ मिग्रॅ, दुसरं पाणीच नसेल तर दीडपर्यंत. आमचं त्याच्या कितीतरी वर निघालं. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे होते, ते आम्ही तंबाखूच्या मशेरीवर ढकलत होतो. दुसरीतली पोरं कुठली मशेरी लावणार? पण तसा विचार कुणी केला नाही.

आपल्याकडे नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यात ही गावं आहेत. देशात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला १९३७ साली, नेल्लोरकडे. म्हणजे नवीन काही नाही. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून दाट होतं. आरओने जातं. खाण्याचा संबंध असा की ताटात कॅल्शियम कमी असेल तर तेवढंच फ्लोराइड जास्त नुकसान करतं. म्हणून डॉक्टरांनी पाणी बदला आणि दूध, तीळ, नाचणी, आवळा वाढवा असं सांगितलं. पावसाळ्यात तरोट्याची भाजी आम्ही गरिबीची म्हणून खायचो, ती आता मुद्दाम खातो.

काकांची मान सुटली नाही. धाकट्या चुलत भावाची पाठ मात्र पाणी बदलल्यावर दीडेक वर्षात बरीच हलकी झाली.

फिजिओताई · ९ जून

@बोरवेल, या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद. त्या पट्ट्यातून पुण्यात आलेले पेशंट 'जुना संधिवात' म्हणून येतात. आता मी आधी गाव विचारीन.

नानानागपूरकर · ९ जून

बोरवेल, नमस्कार घ्या. आमच्या यवतमाळच्या मावशीचे दात असेच. उद्याच फोन करतो.

चकलीचा_सोऱ्या · १० जून

हळदीच्या कॅप्सूलचं काय झालं? काकू वाट बघत असतील.

औषधवाला · १० जून

हळद जेवणात घाला, छान. सांगलीची घ्या, वर्ध्याकडची वायगावची घ्या, दोघींना भौगोलिक मानांकन आहे. पण साधारण हळदीत कुर्क्युमिन, म्हणजे तिच्यातला औषधी घटक, असतं शेकडा तीनच्या आसपास. चमचाभर हळदीत शंभर मिलिग्रॅमही नाही, आणि चाचण्यांत दिवसाला हजार-दीड हजार दिलेलं असतं. त्यात ते आतड्यातून फारसं रक्तात जात नाही, म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालतात. गुडघ्याच्या दुखण्यात थोडा आराम मिळाल्याचं काही छोट्या चाचण्यांत आहे. पण अशाच जोरकस कॅप्सूलांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये तसा इशाराच दिला. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आणखी जपून. काकूंना सांगा, भाजीत घालतेय.

सदूभाऊ · १० जून

म्हणजे हळदीचं दूध बाद?

औषधवाला · १० जून

दूध बाद नाही. बी-ट्वेल्व्ह आहे त्यात.

अवली · १२ जून

माझ्यावरून सुरू झालेलं भांडण मीच संपवते. गुडघ्यांसाठी मला जे लागू पडलं ते फार कंटाळवाणं आहे: वजन. ७९ वरून ७१. चालताना गुडघ्यावर जो भार पडतो तो एक किलो घटलं की पावलागणिक चार किलोंनी घटतो, असं २००५ सालच्या मोजमापात आलंय. म्हणजे मी पावलामागे बत्तीस किलोंचं पोतं उतरवलं. संध्याकाळची फरसाणाची वाटी गेली, रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकरी नि वरण आलं, जवसाची चटणी रोज. गुडघे कुरकुरतात अजून, पण दुखणं निम्म्यावर. हे कुठल्या डबीत मिळत नाही म्हणून कुणी विकत नाही.

शुक्रतारा · १२ जून

जवसातलं ओमेगा-थ्री शरीरात मासळीतल्या प्रकारात फार थोडं बदलतं, एवढंच नोंदवते. मासे खात असाल तर तारली-बांगडा उत्तम आणि स्वस्त. आमवाताच्या रुग्णांत मासळीच्या तेलाने सांध्यांचा ताठरपणा थोडा कमी होतो, झिजेच्या गुडघ्यात तितकं काही नाही. चटणी तरी खाच.

रानजाई · १४ ऑक्टोबर

धागा वर काढतेय. सगळ्यांना हिशोब देणं लागते.

सॅशे आठ आठवडे, मग महिन्याला एक. इंजेक्शनं संपून आता गोळी. डी ३६, बी-ट्वेल्व्ह ५१०. रोज नाचणीची एक भाकरी (१०० ग्रॅम पिठात ३६४ मिग्रॅ कॅल्शियम, म्हणजे भाकरीत दीडशेच्या वर), तिळाची चटणी, एक अंडं, दोन वाट्या दही. फिजिओताईंनी सांगितलेलं खुर्चीवरून हात न लावता उठणं, आधी पाच वेळा, आता तीन गुणिले बारा.

पहिले दोन महिने काहीही नाही. ऑगस्टमध्ये तर वैतागून धागा उडवून टाका म्हणून लिहिणार होते. गणपतीत आरतीनंतर खाली बसलेली उठले आणि पुढे गेल्यावर लक्षात आलं की भिंत धरली नाही. मांड्यांचा ठणका जवळजवळ गेला. नडगी दाबून दुखत नाही. कंबर मात्र आहे. कमी आहे, पण आहे, विशेषतः महिनाअखेरीस कामाचा ताण आणि झोप मोडली की. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेवढं दुखणं जीवनसत्त्वाचं नव्हतंच, ते दुसऱ्या खात्यातलं.

फुकट गेलं ते: नणंदेचं मॅग्नेशियम, दोन महिने, फक्त पोट साफ. काकूंच्या कॅप्सूल उघडल्याच नाहीत. डिंकाचे लाडू लेकीने संपवले.

फिजिओताई · १४ ऑक्टोबर

भिंत सुटली! महिनाअखेरीची कंबर आपण बघू, झोपेपासून सुरू करू. व्यायाम मात्र सोडू नका.

मधुमालती · १४ ऑक्टोबर

महिन्याचा सॅशे कॅलेंडरवर आहे ना?

रानजाई · १४ ऑक्टोबर

आहे हो. लाल शाईने.

टकाटक · १५ ऑक्टोबर

अवली, जवसाची चटणी कशी करता?

अवली · १५ ऑक्टोबर

जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, भाजल्याशिवाय चिकट लागतो. लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ, थोडा कढीपत्ता. खलबत्त्यात जाडसर कुटा, मिक्सरमध्ये तेल सुटून गोळा होतो. पंधरा दिवसांचीच करा, नंतर खवट होते.

नवा_पाहुणा · २ नोव्हेंबर

नमस्कार, माझं डी १४ आहे. कोणता सॅशे घेऊ? धागा मोठा आहे म्हणून वाचला नाही.

सदूभाऊ · २ नोव्हेंबर

गच्चीवर जा, सावली आखूड झाली की उभ्याने वाचायला सुरुवात करा. संपेपर्यंत १५ होईल. मग डॉक्टरांकडे जा.